मलमातील औषधाचे त्वचेतून शोषण

त्वचेवर लावलेल्या मलमातील किंवा क्रीममधील औषध शृंगस्तर, म्हणजे त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर, ओलांडून खालच्या जिवंत थरांत, आणि काही अंशी रक्तात, पोचण्याची क्रिया. ती विसरणाने, म्हणजे अधिक संहतीकडून कमी संहतीकडे, घडते.

या वाटेतील खरा अडसर शृंगस्तर हाच आहे. बहुतेक ठिकाणी त्याची जाडी अवघी १० ते २० मायक्रोमीटर असते. त्यात केराटीनने भरलेल्या मृत, चपट्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असून सेरामाइडे, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले यांचे मिश्रण त्यांच्यामधील फटी चुन्याप्रमाणे भरून काढते. औषध मुख्यतः या मेदातूनच वळणावळणाने उतरते. केशपुटांतून, म्हणजे केसांच्या मुळांभोवतीच्या पिशव्यांतून, जाणारा वाटा सहसा थोडा असतो. त्यामुळे मेदात विरघळणारे आणि साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) लहान रेणू सहज आत जातात. सुमारे ३६२ डाल्टनचे हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टेरॉइड या मर्यादेत बसते. सुमारे ८०४ डाल्टनचे टॅक्रोलिमस हे इसबावरील औषध निरोगी त्वचेतून फारसे शिरत नाही, पण इसबाने अडसर ढिला झालेल्या त्वचेतून शिरते, आणि त्वचा बरी होत जाते तसे त्याचे शोषण आपोआप घटते.

औषध किती आत जाईल हे ट्यूबवरील टक्केवारीवरून कळत नाही. ते कोठे व कसे लावले यावर बरेच अवलंबून असते. फेल्डमन व मायबाख या संशोधकांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोनचे शोषण शरीराच्या निरनिराळ्या भागांवर मोजले. हाताच्या पुढच्या भागावरील शोषण १ धरल्यास ते तळपायावर सुमारे ०.१४, कपाळावर ६, जबड्याच्या कडेला १३ आणि वृषणकोशावर ४२ इतके आढळले. मलमावर प्लास्टिक गुंडाळल्यास शृंगस्तर ओलावतो व शोषण अनेक पटींनी वाढते; बाळाच्या लंगोटाखाली आणि जांघेच्या घडीत हेच नकळत घडते. तान्ह्या मुलांत वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असल्याने रक्तात जाणारी मात्राही तुलनेने अधिक असते.

भारतात नायट्यासाठी क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन मिसळलेली मलमे चिठ्ठीविना आणून जांघेत, तर गोरेपणासाठी चेहऱ्यावर, महिनोन्‌महिने लावली जातात. शोषण सर्वाधिक असलेल्या जागांवरच तीव्र स्टेरॉइडांचा असा वापर होणे ही गंभीर बाब आहे: त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि खाज तात्पुरती शमली तरी नायटा पसरत राहतो. थर जाड दिल्याने गुण त्या प्रमाणात वाढत नाही. प्रौढाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावणारे, सुमारे अर्धा ग्रॅम मलम बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते.