टेबल सॉ निवडताना: तीन यंत्रं, तीन घराणी

साताऱ्यात किंवा सांगलीत घरच्या सुतारकामासाठी टेबल सॉ, म्हणजे टेबलाच्या फटीतून गोल पातं वर येणारी करवत, शोधायला निघालं की तीन प्रकार समोर येतात. पहिलं बिडाच्या जड सांगाड्याचं, पट्ट्यावर चालणारं मशीन, बऱ्याचदा त्याच सांगाड्यावर रंधाही बसवलेला. दुसरं पंचवीस-तीस किलोचं, दोघांना सहज उचलता येणारं, दहा इंची पात्याचं मशीन. तिसरं तयार मिळत नाही, सुतार ते जुळवतो: प्लायच्या टेबलाला खालून उलटा बोल्ट केलेला हातातला कटर. किमतींचे आकडे शेजारी मांडून यांची तुलना करण्यात अर्थ नाही, कारण तिन्हींचा जन्म वेगवेगळ्या कामांसाठी झाला. ती कामं कोणती होती हे कळलं की निवड बरीच सोपी होते.

लाकूड आडवं कापणं हे सुताराला कधीच फार जड नव्हतं. जड होतं ते उभं चिरणं. ओंडका उंच घोडीवर चढवायचा, एका करवत्यानं वर उभं राहायचं, दुसऱ्यानं खाली, आणि दिवसभर रेघ धरून करवत ओढायची. नांगर, कुळव, गाडीचं लाकूड बाभळीचं, घराच्या तुळया-चौकटी सागाच्या, दोन्ही असंच फाडून निघायचं. गोल पात्याची करवत आली ती या कष्टावरचा उपाय म्हणून. १७७७ मध्ये साउदम्प्टनच्या सॅम्युएल मिलर यांनी घेतलेल्या पेटंटमध्ये तिचा उल्लेख सापडतो. पुढं वाफेच्या आणि मग तेलाच्या इंजिनावर ती सॉ मिलमध्ये स्थिरावली. आपल्याकडचं बिडाचं पट्टेवालं मशीन याच घराण्यातलं आहे. ताकद, वजन आणि न थकता चालणं हे त्याचे गुण. अंशा-मिलिमीटरचा काटेकोरपणा हा त्याच्या घडणीचा पहिला हेतू कधीच नव्हता.

काटेकोरपणाची गरज कारखान्यातून आली. १९१० मध्ये औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर निघू लागले. सातारा रोडला कूपर यांचा कारखानाही नांगरांसाठी प्रसिद्ध झाला. लोखंडी नांगरानं गावच्या सुताराचं बाभळीचं काम कमी केलं, पण ओतकामामुळं लाकडाचं एक नवं, फार कसबी काम मोठं झालं: पॅटर्न, म्हणजे ओतायच्या भागाचा लाकडी नमुना, जो वाळूत दाबून साचा करतात. बीड थंड होताना मीटरमागे साधारण १० मिमी आटतं, म्हणून पॅटर्न तेवढ्या प्रमाणात मोठा करायचा. तो वाळूतून अलगद सुटावा म्हणून उभ्या बाजूंना एक-दोन अंशांचा उतार द्यायचा. असं काम करणाऱ्याला पातं नेमक्या अंशात कलणारं मशीन लागतं.

जुन्या टेबल सॉमध्ये पातं सरळच राही आणि टेबल कलायचं, म्हणजे फळी घसरणीवर धरून कापायची. टेबल सपाट ठेवून पातं कलवणाऱ्या यंत्रांपैकी सर्वांत गाजलं ते अमेरिकेतल्या डेल्टा कंपनीचं १९३९चं दहा इंची युनिसॉ. छोट्या कारखान्यासाठी दहा इंच हे माप रुळलं ते या घडणीच्या यंत्रांमुळं. त्याआधी, १९०६ मध्ये, जर्मनीत विल्हेल्म आल्टेनडॉर्फ यांनी सरकत्या टेबलाची करवत बनवली होती. मॉड्युलर फर्निचरच्या कारखान्यांत आज जी पॅनेल सॉ दिसते ती तिचीच वंशज.

विजेचा इतिहासही निवडीत डोकावतो. कोयनेची वीज १९६२ मध्ये सुरू झाली आणि इंजिनाच्या जागी मोटर येत गेली. पण गावाकडं थ्री फेज पुरवठा शेतीपंपांच्या वेळापत्रकानं येतो. गावठाणातल्या घरात भरवसा धरायचा तो सिंगल फेजचाच. त्यामुळं ३ एचपीची थ्री फेज मोटर लावलेलं मशीन स्वस्तात मिळालं तरी घरी ते बहुतेक वेळ उभंच राहील. सिंगल फेजवर २ एचपी घरच्या कामाला पुरते. पट्ट्याच्या मशीनवर पुल्यांचं गणित तपासावं: १४४० फेऱ्यांच्या मोटरवर ७ इंची पुली आणि पात्याच्या दांड्यावर अडीच इंची पुली असेल तर पातं मिनिटाला सुमारे ४,००० फेरे घेतं. दहा इंची पात्याला हा वेग योग्य. फेरे २,५००च्या खाली असतील तर कड फाटते, आणि लोक उगीच पात्याला दोष देतात.

हलकं दहा इंची मशीन बांधकामाच्या जागेवर उचलून नेण्यासाठी जन्मलं. त्यात कार्बन ब्रशची मोटर असते: वजनाला कमी, आवाजाला मोठी, सलग तासन्‌तास चालवली तर तापणारी. १,८०० वॉटची मोटर साधारण ८ अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याहून बरीच जास्त. अंगणात बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड ओढला की दाब पडतो, वेग घटतो, मोटर तापते. २.५ चौरस मिमीची वायर आणि १६ अँपिअरचं सॉकेट ही किमान तयारी हवीच.

उलट्या कटरबद्दल स्पष्ट बोलायला हवं. बहुतेक ठिकाणी तो चार इंची मार्बल कटर असतो. तो दगड कापायला बनवलेला आहे. मिनिटाला १२,०००च्या आसपास फेरे, पात्यामागे कुठलाही आधार नाही, आणि बटण दाबलेलं राहावं म्हणून वायरनं किंवा पट्टीनं बांधलेलं. वीज गेली, माणूस पात्याजवळचा भुसा झाडायला लागला आणि वीज परत आली, तर तो कटर आपोआप सुरू होतो. घरात असं यंत्र असू नये.

पात्यामागचा आधार म्हणजे रायव्हिंग नाइफ. टेबल सॉच्या इतिहासातला हा सगळ्यांत मोलाचा तुकडा आहे. लाकडाच्या आत ताण असतो. ओलं राहिलेलं किंवा फांदीजवळचं लाकूड चिरलं की काप मागं मिटायला लागतो आणि पात्याला चिमटतो. पात्याच्या मागच्या बाजूचे दात खालून वर येत असतात. ते फळी उचलतात आणि कापणाऱ्याच्या अंगावर फेकतात. ४,००० फेऱ्यांना दातांचा वेग सेकंदाला सुमारे ५३ मीटर, म्हणजे ताशी १९० किलोमीटर असतो. हात मागं घ्यायला वेळच मिळत नाही. पात्यामागे ३ ते ८ मिमीवर उभी असलेली पोलादी पट्टी तो काप मिटू देत नाही. युरोपात ती फार आधीपासून रूढ होती. अमेरिकी मानकानं मात्र नव्या रचनेच्या यंत्रांना ती २००८ पासून सक्तीची केली. स्थानिक घडणीच्या बिडाच्या मशीनवर ती अनेकदा नसतेच. पात्याबरोबर वर-खाली होणारी आणि कलणारी रायव्हिंग नाइफ नसेल तर ते मशीन घेऊ नये, मग बीड कितीही जड असो. पट्टीची जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि कापाच्या रुंदीपेक्षा कमी हवी. २.२ मिमीच्या पट्टीसमोर १.७ मिमी काप देणारं बारीक पातं लावलं तर फळी पट्टीवर अडते, आणि लोक वैतागून पट्टीच काढून टाकतात.

त्याच्या पुढची पायरी अमेरिकेत स्टीफन गॅस यांनी १९९९ मध्ये शोधली. बोट लागताच पात्यावरचा सूक्ष्म विद्युत संकेत बदलतो आणि अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून ते सुमारे ५ मिलिसेकंदांत थांबवतो. ठोकळा आणि पातं दोन्ही वाया जातात, बोट वाचतं.

प्लाय आल्यावर काम बदललं. पूर्वी ओंडका चिरायचा होता, आता ८ बाय ४ फुटी शीट कापायचा असतो. प्लायमधल्या सरसानं पोलादी दात लवकर बोथट होतात. १९२६च्या सुमारास जर्मनीत क्रुपनं बाजारात आणलेलं टंगस्टन कार्बाइड पुढं पात्याच्या टोकांवर आलं आणि कानस घेऊन रोज धार लावण्याचं काम संपलं. सागाची फळी उभी चिरायला २४ दातांचं पातं, प्लाय आणि मायक्याला ६० किंवा ८० दातांचं. ६० दातांच्या पात्यानं दोन इंची साग उभा चिरला की लाकूड जळून काळं पडतं, कारण भुसा निघायला दातांमध्ये जागाच नसते.

१८ मिमी प्लायचा पूर्ण शीट साधारण ३५ किलोचा, म्हणजे हलक्या मशीनपेक्षा जड. तो त्यावर चढवला की यंत्रच कलंडतं. मिरज, कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत पॅनेल सॉ असलेल्या कारखान्यात पहिले काप करून घ्यावेत आणि घरी छोटे तुकडे नेमके करावेत. फेन्स, म्हणजे फळी टेकवून सरकवायची पात्याला समांतर कड, पात्यापासून किमान ६१० मिमी सरकायला हवी, कारण १२२० मिमीचा शीट मधोमध चिरला की जवळपास तेवढंच उरतं.

दुकानातच तीन गोष्टी तपासाव्यात. पात्याच्या एका दाताला खूण करून तो दात पुढं असताना माइटर गेजच्या (आडव्या कापासाठी फळी ढकलायच्या सरकत्या आधाराच्या) खाचेपासूनचं अंतर मोजायचं, मग तोच दात मागं फिरवून पुन्हा मोजायचं. फरक ०.१ मिमीच्या आत हवा. फेन्स पक्की केल्यावर तिचं मागचं टोक हातानं ढकलून पाहायचं, ते हलता कामा नये. मशीन चालू असताना प्लग काढून परत लावायचा: यंत्र आपोआप सुरू झालं तर त्याला वीज गेल्यावर सुटणारा स्विच नाही, तो बसवून घ्यावा लागेल. पात्याचं भोक ३० मिमीचं की २५.४चं, हेही तिथंच विचारावं.

बिडाचं टेबल पावसाळ्यात साताऱ्याच्या पश्चिम भागात आठवड्याभरात गंजू शकतं. पेस्ट वॅक्स चोळून ठेवावं, सिलिकॉनचा फवारा नको, कारण तो लाकडाला लागला की पॉलिश धरत नाही. पाडलेल्या वाड्यातला जुना साग स्वस्त आणि उत्तम वाळलेला मिळतो, पण त्यात खिळे असतात आणि कार्बाइडचा दात खिळ्याला लागला की तुटून उडतो. अशा लाकडावरून आधी लोहचुंबक फिरवावं, मग रंधा मारून एक बाजू सपाट करावी, आणि तीच बाजू टेबलावर ठेवून चिरावं. वाकडी बाजू खाली ठेवली तर फळी मध्येच डुलते आणि पात्याला चिमटते.