पार्श्वभूमी: वटवाघूळ, समुद्रघोडा आणि पाचवी अनुसूची

बडोद्याच्या नावातच वड आहे, इ. स. ८१२ च्या ताम्रपटात हे गाव 'वडपद्रक' म्हणून येतं. त्यामुळे वटवाघूळ आपल्याला परकं नाही. वडाचं फळ तोंडात चेपायचं, रस गिळायचा, चोथा थुंकायचा. सकाळी झाडाखालच्या गाडीच्या टपावर जे वाळलेलं सापडतं, त्यातलं बरंचसं हेच.

समुद्रघोड्याचं तसं नाही, आणि त्याचं नावही फसवं. घरात मराठी, शाळेत हिंदी असलेलं इथलं पोर 'दरियाई घोडा' ऐकतं आणि बोटाएवढा मासा डोळ्यांसमोर आणतं. हिंदीत तो असतो पाणघोडा, टनावारी वजनाचा. मराठी कानाला दर्या म्हणजे समुद्र, हिंदी-उर्दूत दरिया म्हणजे नदी, मूळ फारसीत दोन्ही चालतं. शास्त्रीय नावांतही घोळ तोच. 'हिप्पो' म्हणजे ग्रीकमध्ये घोडा. पाणघोड्याला त्यापुढे नदी जोडली, माशाला सागरी राक्षस.

लिनियसनं १७५८ मध्ये केलेल्या प्राण्यांच्या वर्गवारीत तर वटवाघळं माणसा-माकडांच्या गणात होती. असो. या दोघांची तुलना खरी रंगते ती कायद्यात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उपद्रवी प्राण्यांत, फळं खाणारी वटवाघळं कावळ्या-उंदरांच्या शेजारी बसवली गेली. मारायला परवानगी लागत नव्हती. बागाईतदारांची तक्रार खोटी नव्हती. चिकू-आंब्याचं नुकसान होतं. पण उंदरांशी बरोबरी कशाच्या आधारावर? मोठ्या वटवाघळाची मादी वर्षाला सहसा एकच पिल्लू देते, ते पोटाशी धरून उडते. रात्रभरात बिया कुठल्या कुठे टाकून येते, ते वेगळंच.

उलट समुद्रघोड्याचा नर पोटाच्या पिशवीतून एका वेळी शेकडो पिल्लं सोडतो. पण २००१ मध्ये तो थेट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या वाघाच्या पंगतीत गेला. कारण सबळ होतं: वाळवलेल्या समुद्रघोड्यांची चिनी औषधांसाठी निर्यात. त्याच वेळी शार्कवर घातलेली सरसकट बंदी मच्छीमारांच्या विरोधामुळे काही महिन्यांतच सैल झाली, समुद्रघोड्यावरची टिकली. २००४ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आले.

वटवाघळाला मात्र पन्नास वर्षं थांबावं लागलं. त्यात २०१८ मध्ये केरळात वटवाघळांतून माणसांत येणारा निपाह विषाणू आला आणि उरलीसुरली सहानुभूतीही आटली. २०२२ च्या दुरुस्तीनं पाचवी अनुसूचीच काढली, मोठं वटवाघूळ दुसरीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांत आलं. अंमल १ एप्रिल २०२३ पासून. एखाद्या प्राण्याला अधिसूचना काढून ठरावीक भागापुरतं उपद्रवी ठरवण्याचा अधिकार केंद्राकडे अजून आहेच.

आणि वाघाच्या पंगतीत गेलेला समुद्रघोडा? तो कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यात आजही येतो, बहुतेकदा मेलेलाच. तो परत पाण्यात टाकायचा की लपवून विकायचा, हे बोटीवरच ठरतं.