चिनी भाषक विद्यार्थ्यांना इंग्रजी उतारा वाचायला शिकवताना : वाचनसंच घेणाऱ्या शिक्षकांसाठी माहितीपत्रक

संचातला पहिला उतारा विद्यार्थ्यापुढे ठेवण्याआधी हे पत्रक चहा पिता पिता एकदा वाचून काढा. उतारे कसे वापरायचे ते प्रत्येक उताऱ्यासोबत दिलेलंच आहे. चांगलं इंग्रजी व्याकरण येणारी, शेकडो शब्द पाठ असणारी मुलं उताऱ्यात नेमकी कुठे अडकतात आणि ते तुम्हाला कसं ओळखता येईल, हे इथे सांगायचं आहे.

हा संच कुणासाठी आहे, कुणासाठी नाही

आमचे बहुतेक ग्राहक घरून ऑनलाइन शिकवणारे मराठी शिक्षक आहेत, त्यातही शिक्षिका जास्त. त्यांचे विद्यार्थी मुख्यतः तैवानचे, थोडे मलेशियातल्या चिनी माध्यमाच्या शाळांमधले. दोन्हीकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तैपेईत संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेचार, म्हणजे घरची रात्रीच्या जेवणाची गडबड सुरू होण्याआधी तास आटोपतो. ही सोय लहान नाही.

चीनच्या मुख्य भूमीतल्या शाळकरी मुलांना शिकवता येईल का, असं दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. जुलै 2021 मध्ये तिथल्या सरकारने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध घातले. परदेशात बसलेल्या परदेशी शिक्षकांकडून शिकवून घेण्यालाही त्यातच मनाई झाली. ‘आमच्याकडे यातून वाट आहे’ असं सांगणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका. सिंगापूरच्या मुलांसाठीही हा संच नाही. ती घरी मँडरिन (म्हणजे प्रमाण चिनी) बोलत असली तरी शाळेत मातृभाषेचा विषय सोडून बाकी सगळे विषय इंग्रजीतूनच शिकतात, त्यामुळे त्यांच्या अडचणी वेगळ्या असतात.

तुमची मराठी लपवू नका

‘माझे उच्चार ब्रिटिश नाहीत, मी कशी शिकवणार?’ ही नव्या शिक्षिकांची नेहमीची काळजी. वाचनाच्या तासाला ती फारशी कामाची नाही. उलट चिनी भाषक मूल जिथे अडखळतं, त्यातल्या बऱ्याच जागी मराठी माणूसही लहानपणी अडखळलेला असतो. ज्याची मातृभाषाच इंग्रजी आहे त्याला त्या जागा दिसतही नाहीत.

सगळ्यात मोठी जागा म्हणजे नामाच्या मागे लागणारं शेपूट. इंग्रजीत ‘द बुक दॅट आय बॉट यस्टरडे’. चिनीत हेच ‘वो त्स्वो-थ्येन माइ द शू’, म्हणजे शब्दाला शब्द ठेवून ‘मी काल घेतलेलं पुस्तक’. आपल्यासारखंच! आधी सगळं वर्णन, मग शेवटी पुस्तक. इंग्रजीत मात्र आधी पुस्तक येतं आणि त्याची माहिती मागून फरपटत येते. आपल्याला निदान ‘जे पुस्तक... ते’ अशी दुसरी वाट आहे, चिनीत तीही नाही. आता हे वाक्य बघा : ‘द मॅन हू सोल्ड द हाउस टू माय अंकल इज अ डॉक्टर.’ डॉक्टर कोण, असं विचारलं की उत्तर येतं : काका. मुलाने वाचलं ते ‘माय अंकल इज अ डॉक्टर’. शेजारी बसलेले शब्द त्याने जोडून घेतले आणि शेपूट कुणाचं ते पाहिलंच नाही. शब्द सगळे ओळखीचे, तरी अर्थ चुकीचा.

यावर उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. तोच लागू पडतो. ‘हू’, ‘विच’, ‘दॅट’ दिसलं की पेन्सिलने तिथे कंस उघडायचा. शेपूट जिथे संपतं तिथे कंस बंद. मग कंस झाकून उरलेलं वाक्य मोठ्याने वाचायचं : द मॅन इज अ डॉक्टर. संचातले पहिले चार उतारे फक्त याच कामासाठी लिहिले आहेत, म्हणून त्यातल्या गोष्टी थोड्या फिक्या वाटतील. चालवून घ्या. पाचव्या उताऱ्यापासून ‘दॅट’ गाळलेली वाक्यं सुरू होतात, तेव्हा या चार उताऱ्यांची किंमत कळते.

दुसरी जागा ‘जरी-तरी’ची. चिनीत ‘स्वेइरान’ आलं की पुढे बहुधा ‘दानश’ येतं, जसं आपल्याकडे ‘जरी’नंतर ‘तरी’. ‘यिनवेइ’ आणि ‘स्वोयि’ हेही तसंच, ‘कारण’ आणि ‘म्हणून’ एकाच वाक्यात. इंग्रजीत मात्र दोघांपैकी एकालाच जागा. ‘ऑलदो’ने वाक्य सुरू झालं की ‘बट’ येणार नाही. मुलं लिहिताना ‘ऑलदो... बट’ लिहितात ही चूक सगळ्यांना दिसते (आपणही शाळेत लिहायचो). वाचतानाची चूक मात्र नजरेतून सुटते. मूल ‘बट’ची वाट बघत राहतं, तो येत नाही, आणि विरोध दाखवणारं वाक्य त्याला सरळ वाक्य वाटतं. इथे खुशाल सांगा, ‘माझ्याही भाषेत दोन्ही शब्द लागतात.’ शिक्षिकेलाही हे कधीतरी शिकावं लागलं होतं, हे ऐकून मुलं सैलावतात.

जिथे मराठी मदत करत नाही

सर्वनामांच्या बाबतीत उलटं होतं. चिनी बोलण्यात तो, ती, ते या सगळ्यांना एकच उच्चार : ‘था’. लिहिताना चिन्हं वेगळी, पण ‘ती’साठी वेगळं चिन्ह रूढ होऊन जेमतेम शंभर वर्षं झाली आहेत. आपण मराठी लोक टेबलालासुद्धा लिंग देतो, त्यामुळे ‘ही’ आणि ‘शी’ कुणाला गोंधळात टाकत असतील हे आपल्या डोक्यातच येत नाही. तीन पात्रांच्या गोष्टीत मुलाचा धागा सुटला तर आधी इथे शोधा. प्रत्येक सर्वनामापासून त्याच्या माणसापर्यंत बाण काढून घ्या. ‘इट’ आणि ‘दिस’ यांचे बाण सर्वात अवघड, कारण ते कधी कधी अख्ख्या मागच्या वाक्याकडे जातात.

काळाचंही तसंच. चिनी क्रियापद काळाप्रमाणे रूप बदलत नाही. काल, उद्या, आधी, नंतर असे शब्द आणि काही अव्ययं ते काम करतात. म्हणून ‘व्हेन द पोलीस अराइव्ह्ड, द थीफ हॅड लेफ्ट’ यात मूल घटना छापलेल्या क्रमानेच घेतं : पोलीस आले, मग चोर गेला. ‘हॅड’ या तीन अक्षरी शब्दावर सगळी गोष्ट फिरते, हे त्याला सांगून पटत नाही. घटना चिठ्ठ्यांवर लिहून क्रमाने लावायला द्या, मग पटतं.

मोठ्या आकड्यांवर मात्र पुन्हा आपली गट्टी जमते. चिनी मोजणी दहा हजारांच्या टप्प्याने चालते : ‘वान’ म्हणजे 10,000 आणि ‘यी’ म्हणजे 10 कोटी. लाख-कोटीत वाढलेल्या आपल्याला ‘1.4 बिलियन’ वाचताना जसं क्षणभर थांबावं लागतं, तसंच त्यांनाही. आपले 140 कोटी, त्यांचे 14 यी. विज्ञान किंवा लोकसंख्येवरचा उतारा असेल तर आकडे आधीच फळ्यावर सोडवून घ्या.

अक्षरं आणि शब्द

तैवानची मुलं चिनी उच्चार ‘झुयिन’ नावाच्या 37 खुणांनी शिकतात, त्यामुळे रोमन अक्षरांशी त्यांची नीट ओळख इंग्रजीतूनच होते. मलेशियातल्या चिनी शाळांत पिनयिन असतं, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धत : अक्षरं तीच, आवाज वेगळे. तिथे ‘सी’ हे अक्षर ‘त्स’च्या जवळ जातं आणि ‘क्यू’ ‘छ’सारखं वाजतं. अनोळखी शब्द मूल भलताच उच्चारत असेल तर हे लक्षात ठेवा.

चिनीत मोठी-छोटी लिपी नाही, देवनागरीतही नाही. त्यामुळे वाक्याच्या मध्ये मोठ्या अक्षराने सुरू झालेला शब्द हे नाव आहे, ही खूण मुलांच्या नजरेत भरत नाही. ‘मिस्टर ब्राउन’ आल्यावर तपकिरी रंगाचं काय करायचं, या विचारात एखाद्याची दोन मिनिटं जातात. उतारा सुरू करण्याआधी नावांना गोल करून घेतलं तर हा प्रश्न तिथेच मिटतो.

शब्द फोडून अर्थ लावण्यात मात्र ही मुलं मुळातच पटाईत असतात, कारण त्यांची भाषाच तशी आहे. रेल्वेला चिनीत ‘ह्वो-छ’ म्हणतात : ह्वो म्हणजे आग, छ म्हणजे गाडी. आपली आगगाडीच! संगणक म्हणजे ‘द्येन-नाओ’, विजेचा मेंदू. ही सवय इंग्रजीकडे वळवा. ‘अन’, ‘री’, ‘लेस’, ‘फुल’ हे तुकडे चिन्हांसारखे शिकवले की ‘अनफरगेटेबल’ पाहून मूल घाबरत नाही, ते तोडायला घेतं. आमच्या मते शब्दयादी पाठ करण्यापेक्षा दहा मिनिटांचा हा खेळ जास्त देऊन जातो.

पालक यादी मागतील

तैवानमध्ये विद्यापीठ प्रवेशासाठीची सामायिक परीक्षा जानेवारीत होते आणि प्रत्येक विषयाला 15 पातळ्यांत गुण मिळतात. इंग्रजीसाठी सहा पातळ्यांत विभागलेली सुमारे 6000 शब्दांची संदर्भयादी आहे. पालक तीच घेऊन येतात आणि रोज पन्नास शब्द घ्या म्हणतात. यादी वाईट नाही. पण यादीतला शब्द एका अर्थाने पाठ असतो आणि उताऱ्यात तो दुसऱ्याच अर्थाने येतो.

मुलाला झेपणारा उतारा कसा ओळखायचा? शब्दसंग्रहाचे अभ्यासक हू आणि नेशन यांनी 2000 साली दाखवलं की कुणाच्या मदतीविना गोष्ट नीट समजायला त्यातले सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे शंभरात दोनच अनोळखी. आमचे उतारे अडीचशे शब्दांच्या आसपास आहेत, तेव्हा हिशोब सोपा : पाचाहून जास्त शब्द अडले तर एक पायरी खाली या. घरी एकट्याने वाचायचं असेल तेव्हा हा नियम कडक पाळा. तासाला तुम्ही सोबत असता, तेव्हा थोडी ढील चालते.

परीक्षेतल्या पर्यायांची एक गंमत मुलांना लवकर दाखवा. चुकीच्या पर्यायात बऱ्याचदा उताऱ्यातलेच शब्द जसेच्या तसे असतात, बरोबर पर्याय मात्र वेगळ्या शब्दांत सांगितलेला असतो. शब्दाला शब्द जुळवणारं मूल नेमकं चुकीच्या पर्यायावर जाऊन बसतं. म्हणून आमच्या प्रश्नांना ‘ए’, ‘बी’ एवढं उत्तर पुरत नाही. ज्या ओळीवरून उत्तर काढलं तिचा क्रमांकही लिहायचा. उत्तर बरोबर पण ओळ चुकीची असेल तर गुण देऊ नका, मूल कितीही रुसलं तरी.

‘समजलं का?’ विचारू नका

उत्तर ‘हो’ येईल. न समजल्याचं सगळ्यांसमोर कबूल करणं कुणालाच आवडत नाही, आणि पडद्यावरच्या परदेशी बाईंसमोर तर नाहीच. त्यापेक्षा काहीतरी करायला सांगा : चित्र काढ, क्रम लाव, चोराचा रस्ता नकाशावर दाखव. मूल गप्प असेल तर मनात दहा आकडे मोजा. आपल्याला शांततेची सवय नाही, आपण लगेच बोलायला लागतो, आणि मुलाने मनात जुळवत आणलेलं वाक्य मोडतं.

अख्खा उतारा चिनीत भाषांतर करून घेण्याची पद्धत तिथल्या अनेक शिकवण्यांमध्ये आहे. ती सरसकट मोडू नका. अडलेल्या एका वाक्यासाठी भाषांतर उत्तम, अख्ख्या पानासाठी वेळखाऊ. तुम्हाला चिनी येत नसेल तरी बिघडत नाही. मुलाला म्हणा, तुझ्या भाषेत मोठ्याने सांग. सांगताना ते जिथे थांबतं, तिथेच गाठ असते.

संच बदलून हवा असेल तर

पहिल्या तीन उताऱ्यांत पातळी जुळत नाही असं दिसलं तर दोन आठवड्यांच्या आत कळवा. वरचा किंवा खालचा संच विनामूल्य पाठवू. कळवताना विद्यार्थ्याची इयत्ता, तो कोणत्या देशातला आहे, आणि त्याच्या पेन्सिलच्या खुणा असलेल्या एका पानाचा फोटो पाठवा. विद्यार्थ्याचं नाव झाकून टाका. फोटोतले कंस आणि बाण पाहून आम्हाला जे कळतं ते गुणांवरून कळत नाही. संच ज्या व्हॉट्सअॅप क्रमांकावरून आला त्यावरच पाठवा. रविवारी उत्तर मिळणार नाही.