पंखबोका : एका रचलेल्या शिकाऱ्याची पार्श्वभूमी

पंखबोका हा प्राणी कुठल्याही अभयारण्याच्या यादीत सापडणार नाही. तो रचलेला आहे. निम्मं घुबड, निम्मं रानमांजर, मुक्काम कन्नड तालुक्यातल्या गौताळा अभयारण्याच्या कड्याकपारीत, खाणं घुशी, तित्तर आणि मिळालं तर सशाचं पिल्लू. गोष्टींसाठी असा प्राणी उभा करायचा म्हटलं की एक आक्षेप ठरलेलाच असतो : हा तर परदेशी ग्रिफिन, म्हणजे सिंहाच्या धडाचा आणि गरुडाच्या डोक्याचा कल्पित प्राणी, गेममधून उचलून कन्नड तालुक्यात सोडलेला. आक्षेप अगदीच खोटा नाही. पण ग्रिफिनचं परदेशीपणही वाटतं तेवढं सरळ नाही.

पक्षी आणि मार्जारकुळ यांची सांधेजोड फार जुनी. मेसोपोटेमियात इ. स. पू. २५००च्या सुमाराला तांब्याच्या पत्र्यावर घडवलेला अंझू नावाचा कल्पित प्राणी दिसतो. त्याचं शरीर गरुडाचं आणि डोकं सिंहाचं. ग्रीकांच्या ग्रिफिनची मांडणी नेमकी उलटी, म्हणजे धड सिंहाचं आणि चोच गरुडाची. हिरोडोटसने हे ग्रिफिन उत्तरेकडे, सोन्याची राखण करायला बसवले. त्यानंतर आला क्टेसियस. हा इराणच्या दरबारातला ग्रीक वैद्य. त्याने इ. स. पू. ४००च्या आसपास भारतावर एक ग्रंथ लिहिला. स्वतः भारतात पाऊल न ठेवता! त्यात तो सांगतो की भारतातल्या डोंगरांत सोनं आहे आणि त्याच्यावर लांडग्याएवढे चार पायांचे पक्षी पहारा देतात. पाय आणि नख्या सिंहाच्या, अंगभर काळी पिसं, छाती तेवढी लाल. म्हणजे आपण ज्याला पाश्चात्त्य म्हणतो, त्या जनावराचा पत्ता पाश्चात्त्यांनीच आपल्याकडचा दिला होता.

हे ऐकीव झालं. दगडातला पुरावा गौताळ्यातच आहे. अभयारण्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत, इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या सुमाराची. तिथल्या विहारात अर्धस्तंभांच्या घंटाकार माथ्यांवर पाठीला पाठ लावून बसलेल्या प्राण्यांच्या जोड्या आहेत आणि त्यांतल्या काहींना पंख आहेत. पाठीला पाठ लावायची ही तऱ्हा इराणी राजवाड्यांच्या खांबांवरची. इथल्या शिलालेखांत दान देणारे पैठणचे रहिवासी आढळतात. पैठण आणि तेर ही दोन्ही गावं ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी टिपणात भडोच बंदराला माल पुरवणारी म्हणून नोंदलेली आहेत. मालाबरोबर नक्षीही फिरली असणार. सांचीच्या तोरणांवर पंखवाले सिंह आहेत आणि तिथल्या दक्षिण तोरणावरचं दान सातवाहन राजा सातकर्णीच्या कारागिरांच्या मुखियाने दिलं आहे. सातवाहनांची राजधानी पैठण, तेव्हा या कल्पनेला बाहेरची म्हणून दारात थांबवायचं कारण मला तरी दिसत नाही.

मात्र ही सगळी बसलेली जनावरं आहेत. कुणी माथा पेलतं, कुणी पाठीवर स्वार घेतं. शिकारी म्हणून त्यांच्याकडे पाहता येत नाही. शिकारी पाहायचा तर वेरूळला जावं लागतं. कैलास लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळातलं. त्याच्या जोत्यावर हत्ती आणि सिंहांची रांग आहे आणि त्यांच्यात मिसळलेली कल्पित श्वापदं. ती एकमेकांना भिडलेली आहेत, फाडताहेत, खाताहेत. लोक मान वर करून शिखर बघतात आणि पुढे जातात. पंखबोक्याचे खरे आजे-पणजे खाली, कमरेच्या उंचीपासून सुरू होतात.

शरभाचं प्रकरण वेगळं. महाभारतात तो सिंहालाही मारणारा आठ पायांचा रानप्राणी आहे. पुढे पुराणांत नरसिंहाला शांत करण्यासाठी शिवाने घेतलेलं सिंह-पक्ष्याचं रूप म्हणजे शरभ झालं. वैष्णवांनी त्यालाही उत्तर शोधलं, गंडभेरुंड हा दोन डोक्यांचा पक्षी. तो आज कर्नाटकच्या राजचिन्हावर आहे. किल्ल्यांच्या दरवाजांवर सिंहासारखं काहीही कोरलेलं दिसलं की आपले दुर्गप्रेमी त्याला शरभ म्हणतात, मग त्याला पंख असोत-नसोत, पाय चारच का असेनात. वाद घालण्यात अर्थ नाही, पण पंखबोक्याला शरभाचा वंशज म्हणायचं मी टाळलं. शरभ दैवत आहे. त्याला भूक, वीण आणि पिल्लं चिकटवणं बरं दिसणार नाही.

भूक लावायची तर शरीर जुळावं लागतं आणि इथे जुने शिल्पी मदतीला येत नाहीत. चार पाय अधिक दोन पंख म्हणजे सहा अवयव. पाठीचा कणा असलेल्या जमिनीवरच्या प्राण्यांत अवयव चारच. पक्ष्याचा पंख हा त्याचा पुढचा पायच असतो. पक्षी आणि सस्तन यांचे पूर्वज तीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वी वेगळे झाले, त्यामुळे संकराची गोष्टच नको. म्हणून पंखबोक्याला पुढे पंख आणि पंखांच्या सांध्यावर नख्या दिल्या. दक्षिण अमेरिकेतल्या होआत्झिन पक्ष्याच्या पिल्लांना अशा नख्या खरोखर असतात. मागचे पाय मांजराचे. जमिनीवर तो वटवाघळासारखा खुरडतो, कड्यावरून सुटला की मग त्याचं राज्य. वजन दीड किलोच्या आत ठेवलं, वाघाटी नावाच्या चिमुकल्या रानमांजराएवढं. सिंहाच्या वजनाचं काही उडत नाही. शिवाय २०२१ साली यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला वाघ याच जंगलात राहिला. थोरल्या शिकाऱ्याची जागा भरलेली आहे.

घुबडच का, गरुड का नाही? कारण घुबड आणि मांजर वेगळ्या वाटांनी एकाच धंद्यात आले आहेत. दोघांचे डोळे समोर, दोघं रात्रीचे, दोघं आवाजावरून उंदीर हेरणारे. शृंगी घुबडाचे ‘कान’ म्हणजे नुसती पिसं. खरे कान पिसांखाली. गव्हाणी घुबडाचे दोन कान तर वरखाली असतात, त्यावरून त्याला अंधारात भक्ष्य कुठे आहे ते कळतं. पंखबोक्याचे कान तसेच ठेवले.

आणि गावात काय म्हणतील, हेही ठरवावं लागलं. मांजर आडवं गेलं तर माणूस थांबतो, घुबड घरावर बसलं तर म्हातारी कडाकडा बोटं मोडते. दोन्ही एकत्र आल्यावर कन्नडच्या बाजारात त्याचं नाव रात्री घेणार नाहीत, ‘ते वरलं’ म्हणतील. त्याच वेळी ज्वारीच्या रानातल्या घुशी कमी झाल्या म्हणून शेतकरी मनातून खूशही असतील. रंगाच्या बाबतीत क्टेसियसचं ऐकलं नाही. लाल छाती घेऊन काळ्या कातळावर दबा धरता येत नाही. राखी-तपकिरी अंग आणि वाघाटीसारखे गंजके ठिपके, एवढ्यावर भागवलं.