सायकलीच्या टप्प्यातली गावं

गावात राहायचं की शहरात, हा प्रश्न बेळगावभोवतीच्या मराठी घरांत तसा उशिरा आला. यळ्ळूर, कंग्राळी, हिंडलगा ही सगळी गावं शहरापासून सायकलीच्या टप्प्यात. घर न सोडता शहराचा पगार मिळत होता.

1818 मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, पुढे कॅम्प वसला. पलटणीला दूध, भाजी, गवत लागे. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात. तिथं माग चालत. म्हणजे शहराशी आधी नातं होतं ते बाजाराचं. उद्यमबागेत फौंड्र्या आणि यमनापूरला अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना आला, तेव्हा ते नोकरीचं झालं.

त्या पिढीचा दिवस मी घरातच पाहिलाय. वडील पहिल्या पाळीला निघायचे तेव्हा हँडलला डब्याची पिशवी आणि कॅरिअरला विळा. पाळी सुटली की परस्पर शिवारात. भात कापलं की त्याच ओलीवर मसूर. रजा साठवायची ती सुगीसाठी. ‘भात घरचं, पगार मीठमिरचीला,’ असा आईचा हिशेब. तिची स्वतःची मजुरी मात्र त्यात कधी धरली गेली नाही. वडील पाळीवर असताना शेत तिच्याच अंगावर असायचं.

खानापूरच्या पश्चिमेला ही सोय नव्हती. कणकुंबी, जांबोटीकडे पाऊस उदंड, कारखाना नाही. तिथल्या पोरांनी गोवा, पुणे गाठलं.

1 नोव्हेंबर 1956 ला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) गेला. सीमाप्रश्नाबद्दल भरपूर लिहिलं जातं, पण गावातल्या माणसाला तो भेटतो शेताच्या उताऱ्यावर. उतारा कन्नडात. तो वाचून घ्यायला कुणाला तरी गाठायचं, म्हणजे एक दिवस मोडला. पोरं शिकली की मराठीतल्या नोकरीसाठी पुण्याकडे बघू लागली, आणि तिथपर्यंत सायकल पोचत नाही.

इकडे शहरच शिवारात उतरलं. 2012 मध्ये हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध, कर्नाटकाच्या विधिमंडळाची इमारत, उभं राहिलं. हलगा-मच्छे बायपाससाठी पिकाऊ जमीन जाते म्हणून शेतकरी कोर्टात गेले. एकरावर बोलणारी माणसं गुंठ्यावर आली. बळ्ळारी नाल्यातून शहराचं सांडपाणी येतं आणि पावसाळ्यात तो नाला भातात शिरतो. पाणी ओसरलं की आम्ही आधी बांधावर अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या वेचतो, मग रोप किती तगलं ते बघतो.