दम आधी येतो, हाडं मागून येतात

1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये भारताकडून मॅरेथॉन पळालेले फडेप्पा दारेप्पा चौगुले हे आपल्या बेळगावचे. त्या वर्षीचं अंतर नेहमीपेक्षा थोडं जास्त, 42.75 किलोमीटर होतं. चौगुले यांनी ते 2 तास 50 मिनिटांच्या आसपास पुरं केलं आणि ते 19वे आले. आज शंभर वर्षांनंतर पहाटे व्हॅक्सिन डेपोत, कॅम्पातल्या रस्त्यांवर, राजहंसगडाच्या चढाला, खानापूर-निपाणीकडच्या गावांबाहेर पळणारे जागोजागी दिसतात. त्यांत सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं आहेत, रक्तात साखर निघाली म्हणून पळू लागलेले पन्नाशीचे गृहस्थ आहेत, पहिल्या हाफ मॅरेथॉनला नाव दिलेल्या बायका आहेत.

या सगळ्यांना महिन्याभरात एक सारखाच अनुभव येतो. दम वाढलेला असतो, पूर्वी जिथं धाप लागायची तिथं आता बोलत बोलत पळता येतं, आणि नेमकं त्याच वेळी नडगी दुखायला लागते. तयारी चुकली की काय, असं वाटतं. खरं तर शरीराचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या गतीनं तयार होत असतात, आणि लांब पल्ल्याच्या सरावातला बहुतेक त्रास, शरीराचा आणि मनाचाही, या गतीच्या फरकातून येतो.

सगळ्यात आधी बदलतं रक्त. नियमित पळायला लागल्यावर एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रव, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. हृदयाच्या एकेका ठोक्यात जास्त रक्त बाहेर पडतं, म्हणून त्याच वेगाला ठोके कमी लागतात. स्नायूंना थोडा जास्त वेळ लागतो. 1967 मध्ये जॉन हॉलॉझी या अमेरिकी शास्त्रज्ञानं उंदरांना काही आठवडे ट्रेडमिलवर पळवून दाखवलं, की त्यांच्या स्नायूंतल्या मायटोकाँड्रियांची, म्हणजे पेशींतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या बारीक भट्ट्यांची, ऑक्सिजन वापरण्याची ताकद जवळपास दुप्पट होते. माणसांच्या स्नायूंतही हाच बदल घडतो, आणि सोबत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं.

स्नायू हाडाला जोडणारे स्नायूबंध आणि हाडं मात्र महिन्यांच्या हिशोबानं चालतात. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर पायावर येतो. तो सोसण्यासाठी हाड स्वतःला नव्यानं बांधतं, पण बांधण्याआधी ते जुना भाग पोखरून काढतं. हे पोखरणं काही आठवड्यांत होतं, नवीन हाड भरून पक्कं व्हायला मात्र तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात हाड पहिल्यापेक्षाही थोडं कमजोर असतं. एका जुवाला एक तरणा बैल आणि एक पाडा जुंपावा तसं हे आहे: हृदय पुढं ओढतं आणि नडगीचं हाड फरफटत मागं जातं. त्यातूनच हाडाला बारीक चीर पडते, तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात.

भरतीच्या पोरांबद्दल मला इथं कळकळीनं सांगायचं आहे. 1600 मीटर ठरलेल्या वेळेत पळायचं म्हणून ती रोज 1600 मीटर जीव तोडून पळतात, तेही डांबरी रस्त्यावर आणि झिजलेल्या बुटांत. हाडाला भरून यायला दिवसच मिळत नाहीत. आठवड्यातले बहुतेक दिवस सावकाश, जास्त अंतर आणि एखाद-दुसरा दिवस जोरात, असं केलं तर दमही वाढतो आणि पायही टिकतो. सावकाश म्हणजे किती? सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं इतकं. नडगीच्या आतल्या कडेला लांबवर पसरलेलं दुखणं बहुतेक वेळा विश्रांतीनं जातं. पण हाडावर एका बोटानं दाखवता येईल इतक्याच जागी दुखत असेल, चालताना किंवा रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना दाखवावं. सुरुवातीच्या एक्स-रेत अशी चीर पुष्कळदा दिसतच नाही, म्हणून फोटो चांगला आला तरी दुखणं अंगावर काढू नये.

आता मनाकडे वळू. जोरात पळायला मन लागतं, हे सगळे सांगतात. माझ्या मते सावकाश पळायला त्याहून जास्त लागतं. अंगात रग असते, शेजारून दुसरा पुढं निघून जातो, मोबाइलमधला वेग लाजवतो. अशा वेळी स्वतःला आवरणं हीच सरावातली अवघड गोष्ट आहे.

लांब पल्ल्यात मनाची वेगळी कसोटी लागते. 60 किलोच्या माणसाला एक किलोमीटर पळायला साधारण 60 कॅलरी लागतात, म्हणजे मॅरेथॉनला 2500 च्या घरात. स्नायू आणि यकृत मिळून साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण 500 ग्रॅम, त्यातून मिळतात जेमतेम 2000. चरबीचा साठा भरपूर असतो, पण तो सावकाश जळतो. सुरुवातीलाच जोर लावला की 30 किलोमीटरच्या पुढं पाय शिशाचे होतात आणि डोकंही साथ सोडतं, कारण मेंदू मुख्यतः रक्तातल्या साखरेवरच चालतो. मेंदू साखरेकडे किती बारकाईनं लक्ष ठेवतो, हे 2004 च्या एका प्रयोगात दिसलं. सायकलपटूंनी पिष्टमय पदार्थाच्या पाण्यानं फक्त चूळ भरून ते थुंकून टाकलं, तरी तासाभराच्या शर्यतीतली त्यांची वेळ सुमारे 3 टक्क्यांनी सुधारली. पोटात काही गेलंच नव्हतं. तोंडातून मेंदूला इंधन येत असल्याची वर्दी मिळाली, तेवढ्यावर त्यानं पायांना ढील दिली.

2009 चा सॅम्युएल मार्कोरा हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग नोकरदारांनी जरूर लक्षात घ्यावा. 16 जणांना एकदा दीड तास डोकं शिणवणारं काम संगणकावर दिलं आणि एकदा तेवढाच वेळ माहितीपट दाखवला. नंतर दोन्ही वेळा थकेपर्यंत सायकल चालवायला सांगितली. माहितीपटानंतर ते सरासरी 754 सेकंद टिकले, डोकं शिणल्यावर 640. हृदयात किंवा स्नायूंत या फरकाचं कारण सापडलं नाही. फरक होता तो तेच श्रम पहिल्यापासून जड वाटण्यात. दिवसभर हिशोब बघून संध्याकाळी पळताना पाय उचलत नसतील तर त्याला आळस म्हणू नये. त्या दिवशी वेगाचा सराव टाळावा, सकाळी ताज्या डोक्यानं करावा.

उलट बाजूनं मन मदतही करतं. 2014 च्या एका अभ्यासात 24 पैकी निम्म्या जणांना स्वतःशी बोलायची दोन आठवडे सवय लावली, आणि ते थकेपर्यंत सुमारे 18 टक्के जास्त वेळ टिकले. वाक्यं ज्याची त्यानं निवडायची होती. आपल्याकडे ती ‘अजून दम हाय’ किंवा ‘चल की गड्या’ अशीच असणार. सरावातच ती बोलून मुरवावीत, शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा नव्हे.

पावसाळ्याबद्दल थोडं. बेळगावचा गार पाऊस पळायला बरा वाटतो, पण दमट हवेत घाम सुकत नाही आणि अंग थंड होतं ते घाम सुकल्यानं. म्हणून झड थांबून कोंदट झालं की वेग कमी करावा. पाणी तहानेनुसार प्यावं, उगीच ढोसू नये. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 जणांचं रक्त तपासलं तेव्हा 13 टक्के जणांत सोडियम, म्हणजे रक्तातला मिठाचा अंश, धोक्याच्या दिशेनं खाली गेलेलं होतं. त्याचा संबंध जास्त पाणी पिऊन वाटेत वजन वाढण्याशी होता.

शेवटी खाण्याचं. संकष्टीचा उपवास आणि लांब पल्ला एकाच दिवशी नको. पण त्याहून काळजीची आहे ती रोजची, लक्षात न येणारी उपासमार. बायका घरातलं सगळं उरकून उरलंसुरलं खातात, वर रोज पळतात, आणि वजन उतरलं म्हणून घरीदारी कौतुक होतं. खर्चाच्या मानानं अन्न कमी पडलं की शरीर पाळी थांबवतं, हाडं जपणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं, आणि वर सांगितलेलं हाड भरण्याचं काम अडतं. पाळी तीन महिने आली नाही तर ‘पळण्यानं असं होतंच’ म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांकडे जावं, सोबत लोहाचीही तपासणी करून घ्यावी, आणि तोवर भाकरी वाढवावी, अंतर कमी करावं.