पिशवी काढली तरी अंग का उतरतं?

"अंग बाहेर येतंय ना, मग पिशवीच काढून टाका." हा सल्ला फार सहज दिला जातो. गर्भाशय खाली सरकलं म्हणजे दोष गर्भाशयाचा, असं त्यामागे गृहीत धरलेलं असतं. पण गर्भाशय बहुधा धडधाकट असतं, सैल पडलेला असतो तो त्याचा आधार. तो तसाच ठेवून नुसती पिशवी काढली, तर पुढे योनीचा वरचा शेंडा, मूत्राशय किंवा आतडं त्याच वाटेनं खाली येऊ शकतं.

हा आधार दुहेरी आहे. वरून लिगामेंट्सचे दोर, खालून लेव्हेटर एनाय नावाच्या स्नायूंची झोळी. या झोळीतला एक पट्टा फार विलक्षण आहे. तो पुढे जघनास्थीवरून (ओटीपोटाच्या तळाशी पुढच्या बाजूला असलेल्या हाडावरून) निघतो, गुदमार्गाला मागून वळसा घालतो आणि पुन्हा जघनास्थीला येऊन चिकटतो. या वळशातून मूत्रमार्ग, योनी आणि गुदमार्ग खाली जातात. हा पट्टा कायम थोडा आवळलेला असतो, त्यामुळे मधली फट मिटलेली राहते आणि योनीच्या पुढच्या व मागच्या भिंती एकमेकींना टेकून असतात. खोकला आला की पोटातला दाब वाढतो, पण तो दोन्ही भिंतींवर समोरासमोर पडतो आणि तोलला जातो.

फट उघडी राहिली की गणित बदलतं. पुढच्या भिंतीच्या वरच्या बाजूला पोटाचा दाब आणि खालच्या बाजूला फक्त बाहेरच्या हवेचा. दाबातला हा फरक भिंतीला दर खोकल्याला, दर कुंथण्याला खाली ढकलतो. स्नायू झेलत होता तो भार आता दोरांवर येतो. लिगामेंट क्षणभराचा ताण सोसतं, पण वर्षानुवर्षांच्या ताणानं हळूहळू लांबतं. बाळंतपणानंतर वीस-तीस वर्षांनी अंग उतरायला लागतं, त्याचं एक मोठं कारण हे.

फट मुळात रुंद होते ती बहुतेकदा प्रसूतीत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संगणकीय प्रतिकृतीत, बाळाचं डोकं बाहेर येताना या स्नायूचा आतला भाग मूळ लांबीच्या ३.२६ पट ताणला जातो असं दिसलं. काही जणींत तो जघनास्थीवरून उखडतो. चिमटा (फोर्सेप्स) लावून केलेल्या प्रसूतीत हा धोका वाढतो. बाहेरून जखम दिसत नाही, म्हणून ही इजा लक्षातच येत नाही. उखडलेला स्नायू व्यायामानं परत हाडाला चिकटत नाही, मात्र उरलेला स्नायू जाड आणि बळकट होऊ शकतो.

व्यायाम असा: लघवी आणि वायू एकाच वेळी रोखल्यासारखं आत आणि वर ओढायचं, ६ ते ८ सेकंद धरायचं, पूर्ण सोडायचं. असं ८ ते १२ वेळा, दिवसातून तीनदा, किमान सहा महिने. श्वास रोखायचा नाही, नितंब आवळायचे नाहीत. सर्वांत घातक चूक म्हणजे वर ओढण्याऐवजी खाली जोर देणं. योनीत बोट घालून पाहावं: ते आत ओढलं गेलं तर बरोबर, बाहेर ढकललं गेलं तर चूक. खोकण्याआधी आणि वजन उचलण्याआधी क्षणभर आवळून धरायची सवयही लावावी. नॉर्वेतल्या १०९ स्त्रियांच्या चाचणीत (२०१०) सहा महिन्यांत व्यायाम करणाऱ्यांपैकी १९ टक्के जणींचं अंग, ते किती उतरलंय हे मोजायच्या पायऱ्यांत, एका पायरीनं वर गेलं; न करणाऱ्यांत हे प्रमाण ८ टक्के होतं. योनीत औषधी पुरचुंड्या ठेवून 'पिशवी वर चढवण्या'चे दावे मात्र निखालस खोटे आहेत, आणि त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो.

पेसरी म्हणजे उतरलेलं अंग वर धरून ठेवण्यासाठी योनीत बसवायची सिलिकॉनची कडी. कडी आणि भिंत यांच्यामध्ये बोट सरकलं पाहिजे. बसवल्यावर चालून, खोकून, लघवी करून पाहिल्याशिवाय घरी जाऊ नये. विसरून गेलेली पेसरी भिंतीत रुतते, व्रण करते. रक्त किंवा दुर्गंधी आली तर लगेच तपासणी हवी. रजोनिवृत्तीनंतर योनीत लावायचं एस्ट्रोजेन क्रीम भिंती नाजूक असतील तर उपयोगी पडतं.

शस्त्रक्रियेत कळीचा मुद्दा आहे योनीचा शेंडा. पुढची भिंत किती उतरणार, यातला जवळजवळ निम्मा वाटा शेंडा किती खाली आला यावर ठरतो. म्हणून नुसती भिंत शिवून भागत नाही, शेंडा पक्क्या लिगामेंटला बांधावा लागतो. नेदरलँड्समधल्या २०८ स्त्रियांच्या चाचणीत गर्भाशय ठेवून ते सॅक्रोस्पायनस या ओटीपोटाच्या मागच्या बाजूच्या पक्क्या लिगामेंटला बांधण्याची आणि ते काढून शेंडा बांधण्याची तुलना झाली. पाच वर्षांनी शेंड्याचा त्रास परतलेल्या किंवा त्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागलेल्या स्त्रिया गर्भाशय राखलेल्या गटात १ टक्का होत्या, काढलेल्या गटात ७.८ टक्के. तेव्हा डॉक्टरांना थेट विचारावं: शेंडा कशाला बांधणार?

उतरलेल्या भिंतीला आधार म्हणून योनीमार्गे बसवायच्या जाळीची विक्री अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेनं) एप्रिल २०१९ मध्ये थांबवली. जाळी भिंतीतून बाहेर येणं, वेदना होणं अशा त्रासांपेक्षा फायदा जास्त आहे, हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. पोटातून शेंडा त्रिकास्थीला (कण्याच्या तळाच्या हाडाला) बांधताना वापरली जाणारी जाळी या आदेशात येत नाही. ती शस्त्रक्रिया वेगळी आहे आणि तिचे धोकेही स्वतंत्रपणे समजून घ्यावे लागतात.